पृथ्वी खडकाची, गुरू वायूचा: हे ठरले कसे?

गुरू पृथ्वीइतका घट्ट नाही, हे न्यूटनलाच कळले होते. उपग्रहांच्या फेऱ्यांवरून ग्रहांचे वस्तुमान काढून 1726 मध्ये त्याने घनतेचे प्रमाण मांडले: सूर्य 100 धरला तर पृथ्वी 400, गुरू 94.5, शनी 67. शनीचा आकडा बराच चुकला. बाकीचे आजच्या मापांना जवळजवळ जुळतात. 1798 मध्ये कॅव्हेंडिशने शिशाच्या गोळ्यांमधले आकर्षण मोजले आणि पृथ्वी पाण्याच्या साडेपाचपट घन निघाली. त्या हिशेबाने गुरू पाण्याच्या फार तर 1.3 पट. पुढे 1930 च्या दशकात रूपर्ट विल्ट यांनी गुरूच्या वर्णपटातले काळे पट्टे मिथेन आणि अमोनियाचे असल्याचे ओळखले. दोन्ही हायड्रोजनची संयुगे.

मग सोपे उत्तर रूढ झाले: सूर्याजवळ उष्णता, म्हणून खडक, दूर थंडी, म्हणून वायू. हे अर्धेच खरे आहे. नवजात सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या ज्या तबकडीतून ग्रह घडले तिच्यात सुमारे 98 टक्के हायड्रोजन आणि हेलियम होते, आणि हे वायू आत-बाहेर सगळीकडेच होते. थंडीने ते गोठले नाहीत. गोठले ते पाणी. साधारण 170 केल्विनच्या (उणे 103 अंश सेल्सिअसच्या) खाली त्या विरळ वायूत वाफेचे थेट बर्फ होते. जपानी शास्त्रज्ञ हायाशी यांच्या 1981 च्या प्रारूपात बर्फ होऊ लागण्याची ही हद्द, म्हणजे हिमरेषा, सूर्यापासून 2.7 खगोलीय एककांवर येते (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). तिच्या पलीकडे धूळ आणि बर्फ दोन्ही हाताशी, म्हणून ग्रहाचा घन गाभा भराभर वाढतो.

वाढतो खरा, पण वाटेत अडचण आहे. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्याने तो घन पिंडांपेक्षा किंचित सावकाश फिरतो. पिंडाला सतत समोरून वारा लागतो, त्याची गती घटते आणि तो आत सरकतो. पृथ्वीच्या कक्षेत मीटरभराचा गोळा शे-दोनशे वर्षांत सूर्यात जाऊन पडेल. म्हणून खडे एकत्र गोळा होऊन एकदम किलोमीटरभर मोठे पिंड बनले असावेत, असे आज मानतात.

निर्णायक आकडा जपानी शास्त्रज्ञ मिझुनो यांनी 1980 मध्ये दिला. गाभ्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे दहापट झाले की भोवतीचे वायूचे आवरण स्वतःला तोलू शकत नाही; ते कोसळते आणि वायू धो-धो आत येतो. ही मर्यादा सूर्यापासूनच्या अंतराने फारशी बदलत नाही. बदलतो तो तिथवर पोहोचायला लागणारा वेळ, आणि तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच संपतो. पृथ्वी पूर्ण व्हायला 3 ते 10 कोटी वर्षे लागली, तोवर घ्यायला वायू उरलाच नव्हता. युरेनस (पृथ्वीच्या 14.5 पट) आणि नेपच्यून (17 पट) यांचे गाभे पुरेसे वाढले, पण उशिरा. त्यामुळे त्यांच्या वाट्याला हायड्रोजन-हेलियम थोडेच आले.

1995 मध्ये मेयर आणि क्वेलोझ यांना 51 पेगासी ताऱ्याभोवती 4.2 दिवसांत फेरी मारणारा, गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, आणि ‘जवळ म्हणजे खडक’ हा नियम मोडला. तो बहुधा दूर घडून आत सरकला. आता ग्रहांची विभागणी आकारावरून करतात: पृथ्वीच्या 1.6 पट त्रिज्येपुढचे बहुतेक ग्रह निव्वळ खडकाचे नसतात. 1.5 ते 2 पटींच्या दरम्यान ग्रह कमी दिसतात, कारण तिथली पातळ आवरणे ताऱ्याच्या किरणांनी किंवा गाभ्याच्या स्वतःच्या उष्णतेने उडून जातात आणि उघडा खडक मागे राहतो.