पार्श्वभूमी : घरबसल्या कॅमेरा वळवताना ‘थांब’ कुठे हरवतो?

नवी मुंबईत नेरुळला डीपीएस तलावाशेजारी किंवा ऐरोलीला खाडीकडे तोंड असलेल्या गच्चीवर फिरता कॅमेरा बसवायचा, भरतीला फ्लेमिंगो आले की घरबसल्या मोबाइलवरून वळवून बघायचे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून ही कल्पना अनेक गच्च्यांवर घोळते आहे. कॅमेरा दोन दिवसांत लागतो. पहिल्या आठवड्यातली तक्रारही ठरलेली असते : जरासा डावीकडे न्यायला जावं, तर पक्षी राहतो बाजूला आणि कॅमेरा समोरच्या टॉवरच्या बाल्कनीवर जाऊन थांबतो. मोटर खराब, नेट स्लो, माल स्वस्तातला, असे तीन निकाल लगेच लागतात. नेटवाल्यात थोडं तथ्य आहे. पण मूळ भानगड इंटरनेटच्याही आधीची आहे.

तारेच्या काळापासून सुरुवात करू. कंट्रोल रूममध्ये जॉयस्टिक, तिथून निघालेली आरएस-४८५ ची दोन तारांची जोडी, ती सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते, आणि दुसऱ्या टोकाला मोटरवाला कॅमेरा. चित्र यायचं वेगळ्या कोअ‍ॅक्सिअल केबलवरून. कारखान्यांच्या गेटवर अशी जोडणी केलेला जुना वायरमन आजही आधी ‘बॉड रेट किती ठेवलाय?’, म्हणजे तारेवरून माहिती जाण्याचा वेग किती, हेच विचारेल.

त्या दोन तारांवर सर्वांत जास्त पसरलेली भाषा म्हणजे पेल्को-डी. एक हुकूम सात बाइटचा. एक नंबरच्या कॅमेऱ्याला मध्यम वेगाने उजवीकडे फिरवायचं तर, सोळा-आधारी आकड्यांत, ‘एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३’. २४०० बॉडने हे सात बाइट जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पापणी लवायच्या आत काम होतं. आणि थांबवायचं तर ‘एफएफ ०१ ०० ०० ०० ०० ०१’. नीट पाहिलं तर यात ‘थांब’ असा शब्दच नाही. दिशा सांगणारे सगळे बिट शून्य केले, एवढंच. तसंच ‘उजवीकडे’ म्हणजे किती अंश किंवा किती सेकंद, हेही पहिल्या हुकमात नाही. ते बोट ठरवत असे. डोळा पडद्यावर, बोट जॉयस्टिकवर; बोट सुटलं की शून्यं रवाना.

(मीटिंग हॉलच्या कॅमेऱ्यांची व्हिस्का ही भाषा वेगळी. गंमत अशी की पेल्को-डीचा हुकूम एफएफने सुरू होतो आणि व्हिस्काचा एफएफने संपतो. दोन्ही भाषा एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबताना माझी एक रात्र त्यात गेली आहे.)

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती : चित्र आणि बोट यांच्यात अंतर नाही. इंटरनेटने नेमकं तेच मध्ये घातलं. हिशोब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला २० अंश फिरतोय आणि चित्र दीड सेकंद उशिरा दिसतंय. पक्षी मध्यभागी दिसला म्हणून बोट उचललं, तोवर कॅमेरा ३० अंश पुढे गेलेला असतो. तीसपट झूमवर अशा कॅमेऱ्याला आडवे दोनेक अंशच दिसतात. म्हणजे तुम्ही पंधरा चौकटी पलीकडे. त्यात शून्यांचं ते पाकीट वाटेत हरवलं, तर कॅमेरा फिरतच राहतो.

हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९६५ च्या सुमारास उशिराने चालणाऱ्या यांत्रिक हातांवर प्रयोग झाले. त्यात दिसलं की उशीर असला की माणूस आपोआप ‘थोडं हलव, थांब, बघ’ या चालीवर येतो. १९७० मध्ये चंद्रावर उतरलेली सोव्हिएत गाडी पृथ्वीवरून हाकणाऱ्यांनाही घाई करून चालत नव्हतं, कारण सिग्नलच्या जाण्या-येण्यातच अडीच सेकंद जायचे. वेब आल्यावर केंब्रिजमधल्या कॉफीच्या भांड्यावरचा कॅमेरा १९९३ मध्ये जगाला दिसू लागला. त्याची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कॅमेरा जागचा हलत नव्हता. आमच्या विषयाचा खरा पूर्वज १९९४ चा, कॅलिफोर्नियातला : वाळूवर फिरणारा रोबोचा हात, त्याला कॅमेरा, आणि वेबपानावर एक आकृती. आकृतीत जिथे टिचकी माराल तिथे हात जाणार, मग नवं चित्र येणार. जॉयस्टिक नाही, बोट दाबून धरणं नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेव्हा या प्रश्नाचं बरं उत्तर तयार होतं.

ते कुणी घेतलं नाही. पुढे नेटवर्क कॅमेरे आले ते सुरक्षा कंपन्यांच्या हातून, आणि त्यांनी जॉयस्टिकचं चित्र काढून जसंच्या तसं ब्राउझरमध्ये बसवलं. बाण दाबून धरा, कॅमेरा फिरेल, सोडा, थांबेल. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर ते चालायचंही. नेरुळचा कॅमेरा ठाण्यातून फिरवायला घेतला की पितळ उघडं पडायचं. त्यात २००५ नंतर घरोघरी आलेलं ब्रॉडबँड एडीएसएलचं : उतरायला वेग, चढवायला हाल. कॅमेऱ्याला तर चढवायचंच काम.

२००८ मध्ये तीन बड्या उत्पादकांनी मिळून सामायिक मानक काढलं. या टिपणातला वादाचा निर्णय हाच. हलवण्याच्या तीन रीती त्यात शेजारी-शेजारी ठेवल्या : ‘फिरत राहा’, ‘आहेस तिथून इतकं सरक’ आणि ‘अमुक कोनावर जा’. ‘फिरत राहा’ला किती वेळाने आपोआप थांबायचं ते सांगायची सोय दिली, पण ऐच्छिक. ऐच्छिक म्हटलं की स्वस्त कॅमेरा ते मानेलच याचा भरवसा नाही. ‘फिरत राहा’च्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उडत्या थव्यामागे कॅमेरा न्यायचा तर कोन सांगत बसता येत नाही. शिवाय कोनावर जायला कॅमेऱ्याला स्वतःचा कोन माहीत हवा, आणि त्याने मोटरचा खर्च वाढतो. तरीही मुदतीशिवाय फिरायची मुभा इंटरनेटच्या युगात नव्याने कागदावर आणणं मला आजही पटत नाही. बाजारात जे स्वस्त, तेच ‘पीटीझेड’ (पॅन-टिल्ट-झूम, म्हणजे आडवा-उभा फिरणारा आणि झूम होणारा कॅमेरा) नावाने खपलं. खोक्यावर ‘पीटीझेड’ लिहिलेलं असतं, आत यातली कुठली रीत आहे ते लिहिलेलं नसतं.

घरी लिहिलेलं सॉफ्टवेअर इथून सुरू होतं. कंपनीचा प्रोग्रॅम अ‍ॅक्टिव्हएक्सवर (मायक्रोसॉफ्टच्या जोड-प्रोग्रॅमच्या पद्धतीवर) बेतलेला, त्यामुळे इंटरनेट एक्स्प्लोरर या जुन्या ब्राउझरलाच चिकटलेला. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तरी कॅमेऱ्यापायी विंडोज सातचा एक डबा जपून ठेवलेली सोसायटी ऑफिसं आहेत. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला आणि वाट मोकळी झाली. तो गच्चीवर कॅमेऱ्याच्या पायाशीच ठेवायचा. मोबाइलवरून जाणारा हुकूम ‘३०० मिलिसेकंद डावीकडे’ असा. मुदत मोजणार आणि शून्यं पाठवणार गच्चीवरचा संगणक. म्हणजे ‘थांब’ला इंटरनेट ओलांडायचंच नाही.

राहता राहिली मोबाइलवरून गच्चीवरच्या संगणकापर्यंत पोचण्याची वाट. २०११ मध्ये जुन्या धाटणीच्या आयपी पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणं त्यानंतर सर्रास झालं, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून उपयोग होईना. उघडलेली पोर्टं काय करतात ते ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसलं : कारखान्यातला पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या डब्यांच्या) फौजेने अमेरिकेतली अनेक बडी संकेतस्थळं अडवली. आता गच्चीवरचा संगणकच आतून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी धरून बसतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या. आधीच लागलेले कॅमेरे आहेत तिथेच आहेत.

आणि ती बाल्कनी. तिच्यावर काळी पट्टी टाकायची सोय चांगल्या कॅमेऱ्यांत असते, कारण आपण किती अंशावर आहोत हे त्यांना कळतं. नुसत्या ‘डावीकडे–थांब’ जातीच्या कॅमेऱ्याला बाल्कनी कुठे आहे हेच माहीत नसतं. ३०० मिलिसेकंद मोजून त्याचा कोन ताडायचा म्हटलं, तर खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गिअर जड होतात; जानेवारीत जेवढा वळतो तेवढा तो मेमध्ये वळत नाही. अशा ठिकाणी मी स्क्रूने डावीकडचा अटकाव घट्ट करून येतो, आणि तलावाचा तेवढा कोपरा दिसायचा बंद होतो.