बालसंगोपनाचा अर्ज: फॉर्म भरण्याआधीचं काम

फुलेनगर, गंजमाळ, मल्हारखाण अशा नाशिकच्या वस्त्यांत वह्या, दप्तरं आणि शिधा वाटणारे हात कमी नाहीत. पण ज्या घरातला कमावता माणूस गेलाय, त्या घराला दिवाळीच्या शिध्यापेक्षा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा नीट लागलेला एक अर्ज जास्त उपयोगी पडतो. पात्र बालकामागे महिन्याला २,२५० रुपये, वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. अर्जाला फी नाही. कुणी "आत ओळख आहे" म्हणून पैसे मागत असेल तर तो दलाल समजा.

ही योजना फक्त अनाथांसाठी आहे, हा वस्तीतला सर्वांत मोठा गैरसमज. आई किंवा वडील यांपैकी एकाचा मृत्यू, घटस्फोट, सोडून जाणं, अविवाहित मातृत्व, पालकाला कुष्ठरोग, एचआयव्ही किंवा तसाच गंभीर आजार, पालक तुरुंगात, दोन्ही पालक दिव्यांग, अशा घरातली मुलंही यात बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी दरमहा मदत) हा प्रकार वेगळा. त्यात महिन्याला ४,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे आणि मंजुरी देणारी समितीही निराळी. व्हॉट्सॲपवर "सगळ्या विधवांच्या मुलांना चार हजार" असा निरोप फिरतो, तो या दोन योजनांची खिचडी करूनच. एकाच मुलासाठी दोन्हींकडचा लाभ धरून चालू नका.

कागद पुढीलप्रमाणे: मूल आणि पालक यांची आधार कार्डं, मुलाचा जन्मदाखला, चालू शैक्षणिक वर्षाचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, पालकाचा मृत्यूदाखला किंवा जे कारण असेल त्याचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत आणि राहत्या घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो. यादी सोपी दिसते. अर्ज अडतो तो दोन-तीन ठरलेल्या जागी.

पहिली जागा मृत्यूदाखला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावी नाही. सुरगाणा-पेठहून द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे आलेला माणूस नाशिकच्या रुग्णालयात दगावला, तर गावच्या ग्रामपंचायतीत दाखला सापडणारच नाही. बायको मात्र ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालत राहते. महापालिका हद्दीत मृत्यू झाला असेल तर नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको या ६ विभागांपैकी नोंद कुठे झाली, ते रुग्णालयाच्या कागदावरून आधी काढा. नोंदीची मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटून गेलं आणि नोंदच नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे काही महिने गेलेच.

बाप परागंदा असेल तर "सात वर्षं थांबा" असा सल्ला हमखास मिळतो. तो नियम कायद्याने मृत्यू गृहीत धरण्याचा आहे. बालसंगोपनासाठी तितकं थांबायची गरज नाही. पालकाने सोडून दिलेलं मूल हीच पात्रता आहे. पोलिसांत दिलेल्या बेपत्ता तक्रारीची प्रत आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोडून बाजू मांडा.

दुसरी जागा नावं. आईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, शाळेच्या रजिस्टरात लाडाचं. दुरुस्तीचा क्रम चुकला की काम दुप्पट होतं: आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा, शेवटी बँक. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाचव्या वर्षानंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात, हे बहुतेकांच्या गावी नसतं.

तिसरी जागा खातं. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी त्याचं सीडिंग (म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद) झालेलं असणं वेगळं. एकाच आधारवर दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटच्या सीडिंग झालेल्या खात्यात जातात, मग ते पासबुक कधीच हरवलेलं का असेना. बँकेत "सीडिंग झालंय का?" असंच विचारा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं आधी केवायसी देऊन चालू करून घ्या.

अर्ज नासर्डी पुलाजवळच्या समाजकल्याण आवारातील जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो. प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढे गृहचौकशी होते आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे येतं. समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य असतात; मुलाला आणि पालकाला समक्ष हजर राहावं लागतं. चौकशीच्या दिवशी घराला कुलूप असलं की फाईल तिथेच रेंगाळते. हंगामी मजुरीला जाणाऱ्या घरांनी म्हणूनच अर्जात शेजाऱ्याचाही फोन नंबर द्यावा आणि गाव सोडताना कार्यालयाला कळवावं. मंजुरीनंतर पैसे दर महिन्याला न येता बऱ्याचदा काही महिन्यांचे एकत्र येतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर उधारी करू नये हे कुटुंबाला आधीच सांगा. नव्या शैक्षणिक वर्षाचा बोनाफाईड जूनमध्येच काढून ठेवा.

संस्थांसाठी चार शब्द, जरा कडक. कुटुंबाचं पासबुक किंवा एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायचं नाही, "सांभाळायला" म्हणूनसुद्धा नाही. देणगीदारांना दाखवायला अशा मुलांचे चेहरे आणि नावं फेसबुकवर टाकणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मुलांना मुक्कामी ठेवायचं असेल तर कलम ४१ खाली नोंदणी हवीच, मग हेतू कितीही चांगला असो आणि संस्था कुठल्याही धर्माची असो. निराधार मूल सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवायचं. वसतिगृहात जागा रिकामी आहे का, ते नंतर बघायचं.