रेनकोट आतून का भिजतो?

अर्धा तास पावसात बाइक चालवून पोचलात, रेनकोट काढला आणि आतला शर्ट ओला निघाला, तर कापडाला दोष देण्याआधी ओल नेमकी कुठे आहे ते पाहा. जांघेत, गळ्याशी किंवा मनगटाशी असेल, तर पाणी बाहेरून शिरलंय. पाठीवर, काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला असेल, तर तो बहुधा तुमचाच घाम. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी बाहेरचं पाणी. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने खाली येतो. तुम्ही ताशी 60 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटरने पुढे जाताय. हे दोन वेग एकत्र झाले की तुमच्या दृष्टीने तो थेंब वरून पडत नाही, समोरून तिरका येतो, आणि तोही सेकंदाला 19 मीटरने. त्याच्या आदळण्यातली ऊर्जा उभ्या माणसावर पडणाऱ्या थेंबाच्या चौपटीहून जास्त असते. पायी चालताना पुरेसा वाटणारा रेनकोट बाइकवर गळतो, याचं हे एक कारण. छातीवरची झिप आणि गळ्याची फट थेट या माऱ्यासमोर येतात. म्हणून झिपवर झाकणपट्टी हवी, आणि गळ्याशी घट्ट बसणारी कॉलर.

वाऱ्याचा दाब मात्र आपल्याला वाटतो तितका नसतो. ताशी 60 ला तो जेमतेम 17 मिलिमीटर उंचीच्या पाण्याएवढा भरतो. खरा दाब असतो बुडाखाली. 70 किलोचा माणूस सीटवर 700 चौरस सेंटिमीटर जागेत टेकला, तर दर चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅम भार येतो. म्हणजे 1 मीटर उंच पाण्याचा दाब, वाऱ्याच्या जवळपास साठपट! छातीवरून ओघळलेलं पाणी मांडीवरच्या खोलगट भागात साचतं, तिथून सीटवर उतरतं आणि या दाबाखाली सापडतं. दुर्दैवाने पँटच्या चारही शिवणी नेमक्या इथेच एकत्र येतात.

शिवणीचं हे दुखणं फार जुनं आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नॅफ्थ्यात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये लावून जलरोधक कापड बनवण्याचं पेटंट घेतलं. कापड पाणी अडवायचं, पण शिंप्याने त्याचा कोट शिवला की सुईच्या भोकांतून पाणी झिरपायचं. आजही रेनकोट घेताना मी तो आधी उलटा करून बघते. आतून प्रत्येक शिवणीवर उष्णतेने चिकटवलेली पट्टी दिसली पाहिजे. कापडाची जाडी मी त्यानंतर पाहते.

आता आतला पाऊस. घाम वाफ होऊन निघतो, पण साध्या प्लास्टिकच्या रेनकोटातून ती वाफ बाहेर पडू शकत नाही. थेंब पडून गार झालेल्या कापडाला आतून लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. यावरचा एक उपाय 1969 साली सापडला. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्यात ओढली आणि ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली. ताणलेल्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. त्यातून बनलेल्या पापुद्र्यातलं छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे 20,000 पट लहान आणि बाष्पाच्या रेणूपेक्षा सुमारे 700 पट मोठं असतं. थेंब अडतो, वाफ निसटते.

पण वाफ आपणहून बाहेर पळत नाही. आतला बाष्पदाब, म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब, बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती जाते. 35 अंशांच्या घामट त्वचेलगत हा दाब सुमारे 5.6 किलोपास्कल असतो. बाहेर 5 अंशांची थंडी असेल, तर हवा कितीही दमट असली तरी तिचा बाष्पदाब 0.9 च्या वर जात नाही, म्हणजे फरक भरपूर. बाहेर 25 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असेल तर तिथला दाब 3 पर्यंत चढतो आणि वाफेला ढकलणारा जोर जवळपास निम्माच उरतो. त्यामुळे उबदार पावसात महागडं ‘श्वास घेणारं’ जॅकेटही आतून दमट राहतं. अशा हवेत पाठीवर झाकणाखाली जाळी असलेला, थोडा सैल रेनकोट मला जास्त समंजस पर्याय वाटतो. सैल म्हणजे फडफडणारा नव्हे. पोंचोचं, म्हणजे डोक्यातून घालायच्या बिनबाह्यांच्या घोळदार रेनकोटाचं, टोक चेनमध्ये किंवा चाकात अडकू शकतं, तो बाइकवर कधीच घालू नये.

पापुद्र्याच्या जॅकेटचा आणखी एक शत्रू आहे, मळ. बाहेरच्या कापडावर थेंब मोत्यासारखे घरंगळावेत म्हणून त्याला एक लेप दिलेला असतो. धूळ, तेल आणि कपड्यांच्या पावडरीचा अंश साचला की तो निकामी होतो आणि कापड पाणी पिऊ लागतं. पापुद्रा तेव्हाही पाणी अडवतो, पण त्याच्यावर पाण्याचा थर बसल्याने वाफेची वाट बंद होते. नीट धुऊन, लेबलवर सांगितल्याप्रमाणे सौम्य उष्णता दिली, तर लेप बऱ्याचदा पुन्हा काम करू लागतो.

ओल कुठलीही असो, वारा तिचं थंडीत रूपांतर करतो. अंगावरच्या कपड्यांतलं 100 ग्रॅम पाणी वाळायला सुमारे 240 किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेल्या माणसाचं शरीर 40 मिनिटांत जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी ही झाली. शरीर मग गाभा उबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, आणि ब्रेक-क्लच सांभाळणारी बोटंच आधी बधिर होतात.

म्हणून हातमोज्यांकडे जरा जास्त लक्ष द्यावं. बाइक धावत असताना वारा पाणी बोटांकडून कोपराकडे ढकलतो, तेव्हा मोजा बाहीच्या वर असलेला बरा. सिग्नलला थांबलात की पाणी खांद्यावरून मनगटाकडे उतरतं आणि वर घातलेला तोच मोजा पेल्यासारखा भरतो. बाहीला आत एक घट्ट आणि बाहेर एक सैल अशी दुहेरी पट्टी असेल, आणि मोजा त्या दोन्हींच्या मध्ये सरकवता आला, तर दोन्ही बाजूंचं पाणी अडतं. आतल्या सुती शर्टाची बाही मात्र बाहेर डोकावू देऊ नका. दिव्याच्या वातीसारखी ती पाणी शोषत थेट कोपरापर्यंत नेते.