प्रारूप विकास योजनेवर हरकत व सूचना : पात्रता, कागदपत्रे आणि सुनावणीपर्यंतची प्रक्रिया

महानगरपालिका, नगरपरिषद किंवा विकास प्राधिकरण जेव्हा आपल्या क्षेत्राची प्रारूप विकास योजना, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातला ‘डीपी’, प्रसिद्ध करते, तेव्हा कोणत्या जमिनीवर घरे उभी राहणार, कोणती जमीन शेतीचीच राहणार, रस्ता कोणाच्या बांधावरून जाणार आणि पाणी, सांडपाणी, शाळा, दवाखाने यांवरचा पैसा कोणत्या भागाकडे वळणार, हे पुढील सुमारे वीस वर्षांसाठी ठरू लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने या निर्णयात नागरिकांना लेखी हरकत घेण्याचा आणि सुनावणी मिळण्याचा हक्क दिलेला आहे. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांना या हक्काची गरज सर्वाधिक असते. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा गावांतील शेत, गावठाण आणि वाडीवस्ती हे सर्व एकाएकी शहराच्या नकाशाच्या भाषेत मोजले जाऊ लागते, आणि ती भाषा ओळखीची होण्याच्या आतच हरकतीची मुदत संपून गेलेली असते.

हरकत कोण घेऊ शकतो

कायद्याच्या कलम २८ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असा उल्लेख आहे. त्यामुळे हरकत घेण्यासाठी जमिनीचा मालक असण्याची अट नाही. भाडेकरू, कूळ, सहहिस्सेदार, गृहनिर्माण संस्था, शेतकऱ्यांचा गट किंवा ज्याची एक गुंठाही जमीन नाही असा रहिवासी, यांपैकी कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. योजनेत सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवली जाते, त्याला आरक्षण म्हणतात. ‘माझी जमीन आरक्षणात गेलेली नाही, मग मी कशाला अर्ज करू’ हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने फार नुकसान होते. वस्तीतील उद्यानाचे आरक्षण उठले किंवा जुना ओढा नकाशातून नाहीसा झाला, तर त्याचा फटका सगळ्या वस्तीला बसतो, पण त्यावर अर्ज मात्र कोणाचाच आलेला नसतो.

मुदत कोठे पाहावी

कलम २६ नुसार प्रारूप योजना तयार झाल्याची सूचना शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते. हरकतीची मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते. काही महानगरपालिकांच्या बाबतीत ती ६० दिवसांची राहिलेली आहे. सूचनेत छापलेली मुदत हीच खरी धरावी आणि दिवस मोजताना वर्तमानपत्राची तारीख न धरता राजपत्रातील सूचनेची तारीख धरावी. माहिती अधिकाराचा अर्ज करून नकाशा मागवण्याच्या भरीस या काळात पडू नये. त्या कायद्यात माहिती देण्यासाठीच ३० दिवस आहेत, म्हणजे उत्तर येईपर्यंत हरकतीचा काळ उलटून जातो. योजना कार्यालयात पाहणीसाठी खुली ठेवणे आणि तिच्या किंवा तिच्या भागाच्या प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकणे हे नियोजन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, त्यामुळे थेट तिथेच जावे.

नकाशाबरोबर काय मागावे

बहुतेक जण भिंतीवर लावलेल्या नकाशात आपला गट शोधतात, तो पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी विभागात, दिसला की निश्चिंत होतात आणि परत फिरतात. प्रत्यक्षात कलम २६ नुसार नकाशाबरोबर आणखी कागद पाहणीसाठी उपलब्ध असावे लागतात. विद्यमान जमीन वापराचा नकाशा व सर्वेक्षणाचा अहवाल, योजनेतील तरतुदी समजावणारा अहवाल, विकास नियंत्रण नियमावली, योजना कोणत्या टप्प्यांनी अमलात आणणार याचा अहवाल, आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी लागणाऱ्या जमिनींच्या संपादनाचा व कामांचा अंदाजित खर्च, हे ते कागद होत.

शेवटचे दोन कागद फारसे कोणी मागत नाही आणि माझ्या मते तेच आधी मागितले पाहिजेत. आरक्षण टाकायला पैसा लागत नाही, ते ताब्यात घेऊन त्यावर काही बांधायला लागतो. समाविष्ट गावात रहिवासी विभाग भरघोस दाखवलेला असेल, पण जलवाहिनी व मलनिस्सारण वाहिन्या टप्प्यांच्या अहवालात शेवटच्या टप्प्यात ढकललेल्या असतील, तर त्या गावात इमारती आधी येतील आणि पाणी टँकरने येत राहील. असे आढळल्यास हरकतीत तसे नेमके लिहिता येते : अमुक विभागातील रहिवासी वापराला अनुसरून पाणीपुरवठा व मलनिस्सारणाची कामे पहिल्या टप्प्यात घ्यावीत, आणि त्यासाठी अंदाजित खर्चात स्वतंत्र तरतूद दाखवावी. पुढे महानगरपालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येते तेव्हा त्या भागासाठी निधी मागणाऱ्याच्या हातात एक लेखी आधार राहतो. आरक्षणांची यादी लांबलचक आणि संपादनाचा खर्च प्राधिकरणाच्या ऐपतीपलीकडचा दिसत असेल, तर त्यावरही हरकत घेता येते, कारण पैशाअभावी वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या आरक्षणात मालकाला घर बांधता येत नाही आणि गावाला मैदानही मिळत नाही.

नकाशा पाहताना प्रमाण आधी वाचावे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. रस्त्याची रेघ कागदावर केसभर सरकली तरी एखाद्याचे घर, विहीर किंवा गोठा तिच्याखाली येऊ शकतो. म्हणून आपल्या गटापुरता भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात दाखवली आहे याचा दाखला, नगररचना विभागाकडून घ्यावा आणि तो मोजणी नकाशाशी पडताळून पाहावा. सर्वेक्षणात विद्यमान घर, विहीर किंवा मंदिर नोंदले गेले आहे की तिथे मोकळी जमीन दाखवली आहे, हे विद्यमान जमीन वापराच्या नकाशात पाहावे. तिथली चूक पुढच्या प्रत्येक प्रस्तावात उतरते.

कोणती कागदपत्रे जोडावीत

जमिनीशी संबंधित हरकतीसाठी अद्ययावत सातबारा उतारा आणि खाते उतारा अर्थात आठ-अ, नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, आवश्यक तेथे फेरफार उतारे, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी नकाशाची प्रत, प्रारूप योजनेतील भाग नकाशा आणि जागेची छायाचित्रे जोडावीत. बांधकाम असल्यास त्याची परवानगी व मंजूर नकाशा, बिनशेती आदेश झालेला असल्यास त्याची प्रत, आणि घरपट्टी व वीजबिल यांच्या प्रती उपयोगी पडतात. जुना सर्व्हे क्रमांक आणि एकत्रीकरणानंतरचा गट क्रमांक वेगळे असतील तर दोन्ही लिहावेत, अन्यथा नकाशावर जागा सापडत नाही आणि हरकत ‘बोध होत नाही’ म्हणून बाजूला पडण्याचा धोका राहतो. मालक स्वतः येऊ शकत नसेल तर अधिकारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र द्यावे. संस्थेच्या वतीने अर्ज असल्यास ठरावाची प्रत जोडावी. जमिनीचा प्रश्न नसलेल्या सूचनेला मालकीचा कागद लागत नाही, त्यासाठी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि जागा दाखवणारा नकाशा पुरे.

गावठाणातील घरांची अडचण निराळी असते. गावठाणाच्या आतील जागेला सातबारा नसतो. अनेक कुटुंबांकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा एवढाच कागद असतो, तर ड्रोनद्वारे मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळालेली असते. नमुना आठ हा मुळात कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तरीही तिथे घर उभे आहे हे दाखवण्यास तो उपयोगी आहे, म्हणून तो जोडावाच. गाव शहरात गेल्यानंतर जुने दप्तर कोठे आहे याचा शोध घ्यावा लागतो, त्यामुळे हे उतारे मुदत सुरू होण्याच्या आधीच काढून ठेवणे शहाणपणाचे. गावठाणाची हद्द योजनेत जुन्याच रेषेवर थांबलेली असेल आणि घरे मात्र तिच्या बाहेर पसरलेली असतील, तर प्रत्येक घराने वेगळी हरकत घ्यावीच, पण त्यासोबत सर्वांनी मिळून त्या वाढीव वस्तीचा समावेश रहिवासी विभागात करण्याची एक सूचनाही द्यावी.

अर्जाचा मजकूर आणि सुनावणी

अर्ज सूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्यात नाव, पत्ता, दूरध्वनी, गावाचे नाव, गट क्रमांक, योजनेतील आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी, हरकतीचे कारण आणि नेमकी मागणी असावी. मागणी हा अर्जाचा गाभा आहे. ‘अन्याय झाला आहे, न्याय मिळावा’ एवढ्याने समितीला काही करता येत नाही. ‘१८ मीटर रुंदीचा रस्ता गटाच्या मध्यातून न नेता पूर्वेकडील विद्यमान पाणंद रस्त्यावरून न्यावा, सोबतच्या नकाशात पर्यायी रेषा दाखवली आहे’ असे लिहिले तर त्यावर हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. शंभर लोकांनी एकाच छापील मजकुरावर सह्या केल्या तरी मुद्दा एकच मोजला जाण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येकाने आपल्या जागेचा तपशील आपल्या शब्दांत घालावा. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ऑनलाइन अर्ज केला असल्यास पोचपावती जपून ठेवावी.

हरकती नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, विषयाचे जाणकार असे जास्तीत जास्त चार सदस्य असतात. हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. वेळ थोडा मिळतो, म्हणून मूळ कागद, नकाशाची मोठी प्रत आणि एका पानाचे लेखी म्हणणे बरोबर न्यावे आणि ते समितीला देऊन त्याचीही पोच घ्यावी. हरकतींनी काही बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रारूप योजनेतील चुका नागरिकांनी दाखवून दिल्यावर त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने ती नव्याने करण्यास सांगितले, आणि सुधारित प्रारूप योजना २०१६ मध्ये पुन्हा लोकांसमोर आली.

सुनावणीनंतर

समितीच्या अहवालावर प्राधिकरण योजनेत फेरबदल करते आणि त्यांची यादी प्रसिद्ध होते. लोक सर्वांत गाफील असतात ते याच टप्प्यावर. दुसऱ्याच्या हरकतीवरून सरकलेले आरक्षण आपल्या जमिनीवर येऊन बसलेले असू शकते, त्यामुळे ही यादी गटनिहाय तपासावी. बदल भरीव स्वरूपाचे असतील तर कलम २९ नुसार त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. यानंतर योजना शासनाकडे जाते. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासन स्वतः भरीव बदल करू इच्छित असेल तर तो भाग वगळून, म्हणजे ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणून, त्यावरही हरकती मागवण्यात येतात. दरम्यान बांधकाम परवानगीचे अर्ज थांबलेले नसतात, परंतु कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेचाही विचार करावा लागतो, म्हणजे प्रारूपातील रेघ अंतिम मंजुरीच्या आधीच घराच्या परवानगीच्या आड येऊ शकते.

अंतिम योजना अमलात आल्यावरही दोन मार्ग उरतात. किरकोळ फेरबदलासाठी कलम ३७ आहे, त्यातही लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आणि योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली हितसंबंधाच्या कागदांसह प्राधिकरणाला सूचना बजावता येते. ती बजावल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. ही सूचना हाती देऊन पोच घ्यावी किंवा नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी, कारण २४ महिन्यांची गणना ती बजावल्याच्या तारखेपासून होते.