सीमावर्ती विकास आणि विद्यापीठ-भागीदारी (गोवा–सिंधुदुर्ग)

राज्यसीमेच्या दोन्ही अंगांच्या विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी तिथल्या शेती, आरोग्य, रोजगार अशा सामाईक प्रश्नांवर मिळून काम करणे म्हणजे सीमावर्ती विद्यापीठ-भागीदारी. युरोपात ऱ्हाईन नदीकाठच्या बाझेल, फ्रायबुर्ग, स्ट्रासबूर्ग आदी विद्यापीठांनी १९८९ मध्ये तीन देशांत मिळून असा संघ उभारला. गोव्याच्या उत्तर सीमेवर भाषेचीही अडचण नाही. तरी इथे विद्यापीठांपेक्षा माणसेच अधिक सीमा ओलांडतात.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे गोव्याचे तालुके आणि पलीकडचे सावंतवाडी, दोडामार्ग यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत. बांदा-दोडामार्गची मुले गोव्यात नोकरीला जातात, रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येतात, तिळारीचे पाणी दोन्ही राज्ये वापरतात. २०२३ पासून मोपा विमानतळाने ही ये-जा आणखी वाढवली. विद्यापीठे मात्र कार्यक्षेत्राला बांधलेली. गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि ती त्याच्याकडे आली. सिंधुदुर्गातील महाविद्यालये आजही मुंबईकडेच पाहतात, जरी पणजी त्यांना कितीतरी जवळ आहे.

भागीदारीला सर्वाधिक वाव काजूत आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने काढलेली ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ ही वाणे गोव्यातल्या बागांतही रुजली. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने स्थानिक झाडांतून ‘गोवा-१’ निवडले. कलमांना चेकनाका आडवा येत नाही. बोंडूचे तसे नाही. बीपेक्षा कितीतरी वजनदार असलेले हे फळ गोव्यात तुडवून, रस आंबवून भट्टीवर चढते. आधी हुर्राक, मग फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधुदुर्गात मात्र बी वेचली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. मद्याचे नियम राज्यागणिक वेगळे असल्याने फेणीची नक्कल हा उपाय नव्हे. मानांकनही गोव्याचेच आहे. सरबत, सिरप, पशुखाद्य यांवरचे संयुक्त संशोधन दोन्हीकडच्या बागायतदारांच्या उपयोगी पडेल.

रोगाने ही गरज अधिक ठळक केली. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप उद्भवला. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या तापाचा हंगाम आणि काजू वेचणीचा हंगाम एकच, त्यामुळे बागेतले मजूर सापडले. निदान आणि अभ्यासाचे बरेच काम दोन्ही राज्यांबाहेरच्या, कर्नाटकातील मणिपाल विद्यापीठाच्या विषाणू संशोधन केंद्राने केले.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला २०२१ च्या श्रेयांक-पेढीने कागदोपत्री वाट करून दिली आहे. त्यामुळे एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्यात धरता येतात. मात्र सरकारी महाविद्यालयांतील अनेक जागांना अधिवासाची अट असते, आणि दोडामार्गच्या विद्यार्थ्याला आधी तीच आडवी येते.