दूरस्थ अद्यतन-व्यवस्थापन

लहान कार्यालये, दुकाने, दवाखाने, सनदी लेखापालांच्या पेढ्या अशा ग्राहकांच्या संगणकांवरील सॉफ्टवेअरची अद्यतने जागेवर न जाता, इंटरनेटवरून निवडणे, बसविणे व ती बसल्याची खातरजमा करणे, या कामास ही संज्ञा लावतात. ते बहुधा बाहेरची सेवासंस्था ठरावीक शुल्कावर करते. आपल्याकडे ते पुष्कळदा ‘एएमसी’ म्हणजे वार्षिक देखभाल करारातच धरलेले असते.

दुरुस्तीवजा अद्यतनाला ‘पॅच’ म्हणतात. या शब्दाचा उगम सामान्यतः छिद्रांकित कागदी फितीशी जोडला जातो. फितीवर चालणाऱ्या आरंभीच्या यंत्रांत चुकीचे छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत. १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राची अशी तुकडे चिकटविलेली फीत छायाचित्रांतून परिचित आहे. टेलिफोन केंद्रातील जोडतारांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे, पण तेथे अर्थ जोडण्याचा असल्याने फितीचा उगम अधिक ग्राह्य वाटतो. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी याच नावाचा प्रोग्राम प्रसृत केला. मूळ संहिता पुन्हा न पाठविता केवळ बदललेल्या ओळी पाठवाव्यात व त्या दुसऱ्या टोकाला आपोआप लागू व्हाव्यात, ही त्यातील कल्पना दूरस्थ अद्यतनाच्या बरीच जवळ जाते. मराठीत ‘ठिगळ’ हा शब्द अर्थाने चपखल असूनही रुळला नाही. काम करणारे ‘पॅच मारणे’, ‘अपडेट टाकणे’ असेच म्हणतात.

प्रथेचा आरंभ कोठे मानावा हे निकषावर अवलंबून आहे. जाळ्यातील उपकरणांवर दुरून लक्ष ठेवण्याचा एसएनएमपी हा संकेत (प्रोटोकॉल) १९८८ चा, मायक्रोसॉफ्टची सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर ही प्रणाली १९९४ ची आणि विंडोज अपडेट १९९८ ची. मात्र पहिल्याचा भर देखरेखीवर होता, दुसरी स्वतःचा सर्व्हर व तो सांभाळणारी माणसे बाळगणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी होती आणि तिसऱ्यात निर्णय प्रत्येक संगणकाच्या मालकावर सोडलेला होता. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या स्लॅमर या कृमीने (जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) ज्या उणिवेचा फायदा घेतला तिची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती; २००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अद्यतने देण्याचा नियमित क्रम सुरू केला. तारखा ठरल्यामुळे अनेक ग्राहकांचे काम एकत्र आखणे शक्य झाले, म्हणून लहान ग्राहकांपुरता आरंभ या सुमाराचा मानणे सयुक्तिक ठरते.

कार्यपद्धतीत प्रत्येक संगणकावर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो स्वतःहून बाहेर, सेवासंस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. त्यामुळे ग्राहकाच्या राउटरमध्ये वेगळी वाट उघडावी लागत नाही. अद्यतन आधी एकदोन कमी महत्त्वाच्या संगणकांवर टाकून काही दिवस थांबतात, मग उरलेल्यांवर टाकतात. पुष्कळ अद्यतने संगणक रीस्टार्ट झाल्यावाचून लागू होत नाहीत, आणि ‘नंतर’ हे बटण वापरणाऱ्याच्या हाताशी असते. पडद्यावर ‘बसले’ दिसणारे अद्यतन अंमलात आलेले असेलच असे नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता येणारी मायक्रोसॉफ्टची ही मासिक अद्यतने भारतात ऋतुमानानुसार रात्री १०.३० किंवा ११.३० ला पोहोचतात, त्यामुळे येथे कामाचा दिवस बुधवार ठरतो. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेदरम्यान पडतो. दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची नेहमीची मुदत ११ आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख आहे. लेखापालाच्या पेढीत नेमक्या याच दिवसांत कोणी संगणकाला हात लावू देत नाही.

लहान कार्यालयांची एक नेहमीची मांडणी म्हणजे एका संगणकाला जोडलेला प्रिंटर सर्वांनी वापरणे. सप्टेंबर २०२१ च्या अद्यतनानंतर अशा अनेक ठिकाणी, शेवटी ‘११बी’ येणारी त्रुटी दिसून छपाई थांबली. कारण प्रिंटरशी होणाऱ्या संपर्काची सुरक्षा-तपासणी सक्तीची झाली होती. अद्यतन काढून टाकणे किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींत, ती तपासणी बंद करणे हे प्रचलित उपाय छपाई सुरू करीत, पण बुजविलेले भोकही पुन्हा उघडीत.

मॅक व लिनक्स संगणकांसाठीही अशीच साधने आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नमूद प्रकारची सायबर घटना ६ तासांत कळविणे आणि संगणक-प्रणालींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

दूरस्थ साधन स्वतःच धोक्याचे दार ठरू शकते. २ जुलै २०२१ रोजी कासेया व्हीएसए या दूरस्थ व्यवस्थापनाच्या प्रणालीतील उणिवेतून खंडणी-सॉफ्टवेअर पसरविण्यात आले. कंपनीच्या अंदाजानुसार बाधित थेट ग्राहक ६० पेक्षा कमी होते, तर त्यांच्यामार्फत बाधित झालेले व्यवसाय १,५०० पर्यंत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अद्यतनाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. सुरूच न होणाऱ्या संगणकावरचा एजंट निरुपयोगी असतो. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी माणसाला संगणकासमोर बसून, सेफ मोडमध्ये अद्यतनातील सदोष फाइल काढावी लागली. जेथे बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू होते तेथे त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताने टाइप करावी लागे, आणि ती ज्या सर्व्हरवर जपलेली असे तो सर्व्हरही कधी कधी बंद पडलेल्यांतच असे.