मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

"सर्व्हरला दोन डिस्क मिरर केल्यात, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन्हींवर लिहिला जातो, मग बॅकअप सॉफ्टवेअर कशाला?" हा समज कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. मिररमुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढंच. फोल्डर चुकून डिलीट झाला किंवा रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइली कुलूपबंद केल्या, की तोच घोळ त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर उतरतो. आणि 2019, 2021 सारखं पंचगंगेचं पाणी तळमजल्यात शिरलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात भिजतात. शाहूपुरीतली प्रत शहरातल्याच लक्ष्मीपुरीत ठेवूनही भागत नाही. एक प्रत गावाबाहेरच हवी.

वीम, कॉमव्हॉल्ट, अ‍ॅक्रॉनिस या बॅकअप सॉफ्टवेअरचे दर नंतर बघा. आधी विचारा: ठरलेल्या मुदतीत अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही अशी प्रत ठेवता येते का? डेटाबेस चालू असताना नीट उघडेल अशी प्रत घेता येते का? आणि रिस्टोअरला, म्हणजे प्रतीवरून डेटा परत आणायला, किती वेळ लागतो? 100 एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवरून गावाबाहेरची 2 टीबीची प्रत उतरवायला सुमारे 45 तास लागतात. तोवर गेटवर मालाचं चलन कशावर काढणार? म्हणून दुसरी प्रत आवारातच, पण वरच्या मजल्यावर.

बॅकअप झाल्यावर सॉफ्टवेअर दाखवतं त्या हिरव्या 'सक्सेस'वर विसंबू नका. महिन्यातून एकदा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि कालचं शेवटचं बिल उघडतंय का ते बघा.